एक खोली, सर्वांची

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात, बिॲट्रिस ह्या गावापासून काही अंतरावर, शेतांच्या मधोमध लाल विटांची एक लहानशी इमारत उभी आहे. भिंती फूटभर जाडीच्या. खिडक्यांच्या माथ्यावर चुनखडीच्या दगडाच्या पट्ट्या. आणि आत खोली एकच. १८७२ मध्ये ही इमारत बांधली गेली आणि १९६७ पर्यंत, म्हणजे तब्बल पंच्याण्णव वर्षे, तिच्यात शाळा भरत होती. नेब्रास्कातील एका खोलीच्या शाळांमध्ये इतका दीर्घकाळ अखंड चाललेली शाळा म्हणून तिचा उल्लेख होतो. तिचे नाव फ्रीमन शाळा. आपल्याकडे ज्याला एकशिक्षकी शाळा म्हणतात, तसाच हा प्रकार. मात्र ह्या लहानशा खोलीने एका मोठ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास भाग पाडले, आणि म्हणून तिचा इतिहास मुळापासून पाहण्यासारखा आहे.

ज्या प्रदेशात ही शाळा उभी राहिली त्याला प्रेअरी म्हणतात. क्षितिजापर्यंत पसरलेले गवताळ माळरान, नदीनाल्यांचे काठ सोडले तर झाडाचा पत्ता नाही, आणि वाऱ्याला कोठेच अडसर नाही. ही भूमी निर्जन नव्हती. ओटो-मिसूरिया ह्या मूळ रहिवाशांची ती होती. १८५४ च्या तहाने त्यांनी बहुतेक भूमी सोडली. बिग ब्लू नदीकाठी जो राखीव प्रदेश त्यांना उरला, तोही सोडून १८८१ मध्ये त्यांना दक्षिणेकडे जावे लागले. नवागतांच्या शाळांचा इतिहास लिहिताना ही गोष्ट आधी नोंदवणे न्यायाचे ठरेल. एकाच्या प्रारंभाच्या पानावर दुसऱ्याच्या निरोपाची ओळ असते, ती पुसून जमाखर्च जुळत नाही.

२० मे १८६२ रोजी अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यानुसार कुटुंबप्रमुखाला, अथवा एकवीस वर्षांवरील कोणाही स्त्री-पुरुषाला, १६० एकर सरकारी जमीन मिळू शकत असे. नोंदणीचे शुल्क सर्व मिळून अठरा डॉलर. अट अशी की पाच वर्षे तेथे राहावे, घर बांधावे आणि जमीन कसावी. कायदा अमलात आला १ जानेवारी १८६३ रोजी. त्याच दिवशी नेब्रास्कातील ब्राउनव्हिल येथील कार्यालयात डॅनियल फ्रीमन ह्या गृहस्थाने आपला अर्ज नोंदवला. मध्यरात्र उलटताच अधिकाऱ्याला गळ घालून त्याने कचेरी उघडायला लावली, अशी आख्यायिका आहे. ती कितपत खरी हे बाजूला ठेवले, तरी देशातील पहिल्या अर्जदारांमध्ये त्याची गणना होते आणि त्याची जमीन पुढे राष्ट्रीय स्मारक झाली, हे निर्विवाद आहे. आपल्या हक्कासाठी वेळ न दवडणारा हा मनुष्य पुढे पुन्हा भेटणार आहे.

शेतकरी आले तशी मुले आली, आणि मुले आली तसा शाळेचा प्रश्न आला. त्याची तरतूद मात्र आधीच झालेली होती, आणि ती तरतूद हिशेबी मनाला विशेष भावणारी आहे. १७८५ च्या भूमापन अध्यादेशानुसार नव्या प्रदेशाची आखणी चौकोनांत केली जाई. सहा मैल लांब व सहा मैल रुंद असा एक तुकडा म्हणजे टाउनशिप. त्याचे प्रत्येकी एक चौरस मैलाचे, म्हणजे ६४० एकरांचे, छत्तीस भाग. त्यांतील सोळाव्या क्रमांकाचा भाग शाळेसाठी राखून ठेवावा, असा नियम होता. नेब्रास्काला सोळावा आणि छत्तिसावा असे दोन भाग मिळाले. छत्तिसांत दोन, म्हणजे भूमीचा अठरावा हिस्सा, ज्या मुलांचा अद्याप जन्मही झाला नव्हता त्यांच्या नावे टाकलेला! ह्या जमिनींच्या विक्रीचे पैसे कायम निधीत जमा व्हायचे, आणि शाळांसाठी खर्चायचे ते केवळ त्याचे उत्पन्न. मुद्दलाला हात लावायचा नाही. ह्या शालेय जमिनींपैकी बराच भाग आजही राज्याकडे असून त्याचे उत्पन्न शिक्षणाकडेच जाते.

परंतु तेवढ्याने भागत नसे. प्रत्येक लहानशा शाळेचा एक स्वतंत्र विभाग असे. त्याचा कारभार पाहायला गावकऱ्यांतून निवडलेले तिघांचे मंडळ असे. त्यातला एक सभा चालवी, एक दप्तर सांभाळी आणि एक खजिना. वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा भरे. कर किती बसवायचा, शाळा किती महिने भरवायची, शेगडीसाठी कोळसा किती घ्यायचा, छपराची दुरुस्ती यंदा करायची की पुढच्या वर्षावर ढकलायची, आणि शिक्षिकेला महिना काय द्यायचे, हे सारे विषय तेथे हातघाईवर येत. पैसा शेजाऱ्यांच्याच खिशातून निघत असल्यामुळे प्रत्येक डॉलरची चर्चा होई. प्रेअरीवर पहिल्यावहिल्या शाळा पुष्कळदा मातीच्या असत. गवताच्या मुळांसकट नांगराने काढलेल्या ढेपा एकावर एक रचून भिंती उभारल्या जात. पाऊस आला की छतातून चिखल ठिबके. अशा काळात पक्क्या विटांची शाळा बांधणे म्हणजे, आपण येथे तात्पुरते आलेलो नाही, हे त्या वस्तीने विटांच्या भाषेत लिहून ठेवणे होते.

फ्रीमन शाळेच्या विटा थॉमस फ्रीमन नावाच्या शेजाऱ्याने पुरवल्या असे सांगतात. शाळेला नाव त्याचे मिळाले की डॅनियल फ्रीमनचे, ह्याविषयी मतभेद आहेत. पुढे जे घडले ते पाहता हा योगायोग मोठा गमतीचा वाटतो.

अशा शाळेतील दिवस कसा असे? पहाटे शिक्षिकेने पोहोचायचे, शेगडी पेटवायची, फरशी झाडायची, पाण्याची बादली भरून ठेवायची. त्या बादलीतून एकाच पळीने सर्व मुले पाणी पीत. मग पाच-सहा वर्षांच्या बालकांपासून मिसरूड फुटलेल्या मुलांपर्यंत सर्वजण एकाच खोलीत बसत. आठ इयत्ता, एक शिक्षिका. एका इयत्तेने पुढच्या बाकावर येऊन पाठ म्हणून दाखवायचा, तोवर इतरांनी आपापल्या पाटीवर गणिते सोडवायची. ह्या व्यवस्थेचा एक अनपेक्षित लाभ होता. लहानांच्या कानांवर मोठ्यांचे धडे आपसूक पडत, आणि मोठ्यांना लहानांचा धडा पुन्हा ऐकताना आपली जुनी उजळणी होई. मोठी मुले धाकट्यांचा अभ्यासही घेत. शेतीची कामे उरकल्यावर हिवाळ्यात वर्ग भरून जाई आणि पेरणी सुरू झाली की थोरली मुले दिसेनाशी होत.

शिक्षिका बहुधा तरुण, कधी कधी तर सोळा-सतरा वर्षांचीच असे. तिच्या वर्गातला एखादा विद्यार्थी तिच्याच वयाचा निघे. पुरुष शिक्षकापेक्षा तिला वेतन कमी. राहायला स्वतंत्र घर नाही; कोणा शेतकऱ्याच्या घरी तिची सोय केलेली असे. त्यामुळे शाळेतही गावाची नजर आणि घरीही गावाची नजर. तिच्याकडून अपेक्षा मात्र अपार होत्या.

त्या अपेक्षांची परिसीमा १२ जानेवारी १८८८ रोजी दिसून आली. त्या दिवशी सकाळी हवा अनपेक्षितपणे उबदार होती, म्हणून पुष्कळ मुले जाड कोट न घालताच शाळेत गेली. दिवसा अचानक असे हिमवादळ उठले की हात पुढे केला तर तो दिसेना. ते वादळ इतिहासात शाळकरी मुलांचे हिमवादळ म्हणून ओळखले जाते. नेब्रास्कातीलच मिरा व्हॅली येथे मिनी फ्रीमन ह्या तरुण शिक्षिकेच्या मातीच्या शाळेचे छप्पर वाऱ्याने उडाले. आडनाव तेच असले तरी तिचा बिॲट्रिसच्या शाळेशी संबंध नव्हता. तिने सर्व मुलांना एकत्र ठेवून वादळातून जवळच्या शेतघरापर्यंत सुखरूप नेले. वृत्तपत्रांनी तिला डोक्यावर घेतले. त्याच दिवशी लोई रॉइस ही दुसरी शिक्षिका आपल्या तीन लहान विद्यार्थ्यांना घेऊन हाकेच्या अंतरावरील घराकडे निघाली, वाट चुकली, रात्रभर तिने त्यांना कुशीत घेऊन ऊब देण्याचा प्रयत्न केला. तिन्ही मुले गेली, आणि गोठल्यामुळे तिचे पाय कापावे लागले. धैर्य दोघींचे सारखेच होते. एकीच्या वाट्याला यश आले, दुसरीच्या आले नाही. एका खोलीच्या शाळेचा इतिहास लिहिताना पहिलीचे नाव जितक्या आदराने घ्यावे, तितक्याच आदराने दुसरीचेही घ्यावे.

फ्रीमन शाळेची खोली केवळ मुलांची नव्हती. आसपास दुसरी सार्वजनिक इमारत नसल्यामुळे मतदान तेथेच होई, वादविवाद सभा तेथेच भरत, शेजाऱ्यांची मंडळे तेथेच जमत. ल्यूथरन पंथाच्या एका मंडळीची उपासनाही काही काळ ह्याच खोलीत होत असे. आठवड्याचे पाच दिवस पाढे, एखाद्या संध्याकाळी राजकारण, रविवारी प्रार्थना. खोली तीच, बाके तीच. त्यामुळे शाळा कोठे संपते आणि उपासना कोठे सुरू होते, हा प्रश्न तेथील बहुसंख्य लोकांच्या मनात कधी आलाच नसावा. सर्वांचे जवळपास एकच असेल तेव्हा सीमारेषा दिसत नाही. जो रेषेपलीकडे उभा असतो, त्यालाच ती दिसते.

असा एक जण १८९९ मध्ये पुढे आला. शाळेच्या शिक्षिका एडिथ बीचर ह्या वर्गात बायबलमधील उताऱ्यांचे वाचन करीत, प्रार्थना म्हणत आणि मुलांसह स्तोत्रे गात. त्या काळी असंख्य शाळांत हेच चाले. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही; मुलांवर चांगले संस्कार व्हावेत, हीच त्यांची भावना असणार. डॅनियल फ्रीमन यांनी मात्र आक्षेप घेतला. तेव्हा त्यांचे वय त्र्याहत्तर होते. त्यांचे म्हणणे असे की, सर्वांच्या करातून चालणाऱ्या शाळेत एका विशिष्ट पंथाच्या पद्धतीने उपासना होता कामा नये. शिक्षिकेने मंडळाची अनुमती असल्याचे सांगितले. मंडळाने शिक्षिकेची बाजू घेतली. फ्रीमन न्यायालयात गेले.

ह्या प्रसंगाची कल्पना करून पाहावी. प्रतिवादी कोणी परके नव्हते. शाळा मंडळाचे सदस्य म्हणजे शेजारचेच शेतकरी. ज्यांच्याकडून अडीनडीला बैल मागायचा, ज्यांच्या घरच्या दुःखात खांदा द्यायचा, त्यांच्याच विरुद्ध उभे राहायचे. खेड्यात असा दावा दाखल करणाऱ्याला लोक विक्षिप्त म्हणतात, अश्रद्ध म्हणतात, एवढ्याशा गोष्टीसाठी एवढे कशाला, असे विचारतात. जिल्हा न्यायालयात फ्रीमन हरले. सामान्यतः माणूस येथे थांबतो. ते थांबले नाहीत. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले.

ऑक्टोबर १९०२ मध्ये ‘फ्रीमन विरुद्ध शीव्ह’ ह्या दाव्याचा निकाल लागला आणि तो फ्रीमन यांच्या बाजूने लागला. नेब्रास्काच्या राज्यघटनेत दोन गोष्टी स्पष्ट होत्या. कोणालाही त्याच्या इच्छेविरुद्ध उपासनेला उपस्थित राहण्याची वा उपासनास्थळाला साहाय्य करण्याची सक्ती करता येणार नाही. आणि सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या शाळेत सांप्रदायिक शिक्षण दिले जाणार नाही. शाळेत जे चालले होते ती उपासनाच होती, म्हणून ते घटनेशी विसंगत आहे, असे न्यायालयाने ठरवले. ह्यावर राज्यात बरीच खळबळ उडाली. पुढच्या वर्षी, १९०३ मध्ये, फेरसुनावणीच्या वेळी न्यायालयाने आपली भूमिका अधिक स्पष्ट केली. बायबल हा ग्रंथच शाळेतून हद्दपार झाला आहे असे नव्हे. एखाद्या ग्रंथाचे वाचन होणे वेगळे आणि त्या वाचनाला उपासनेचे किंवा पंथप्रचाराचे रूप येणे वेगळे. रेषा ग्रंथाभोवती आखलेली नव्हती, वापराभोवती आखलेली होती.

हा विवेक त्या निकालाचे खरे मोल आहे. त्याने धर्माला कमी लेखले नाही. उलट, उपासना ही इतकी आंतरिक गोष्ट आहे की ती हजेरीपटावर घेता येत नाही, हेच त्यातून अधोरेखित झाले. जे स्वेच्छेने, श्रद्धेने आणि समजून केले जाते ते व्रत. जे वर्गात बसणे भाग आहे म्हणून ओठांनी पुटपुटले जाते, ते केवळ वळण. अमेरिकेच्या केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील सरकारी शाळांमधील प्रार्थना व बायबल-वाचन ह्यांविषयी असाच निर्णय दिला तो १९६२ आणि १९६३ मध्ये. म्हणजे प्रेअरीवरील एका खोलीत उपस्थित झालेला प्रश्न देशाच्या सर्वोच्च पातळीवर सुटायला आणखी साठ वर्षे लागली.

ह्याच राज्यातील दुसऱ्या एका खोलीची कथा ह्या कथेला पूरक आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन भाषेविषयी अमेरिकेत तीव्र रोष होता. १९१९ मध्ये नेब्रास्काने कायदा केला की आठवी इयत्ता उत्तीर्ण होण्यापूर्वी कोणत्याही मुलाला परकीय भाषा शिकवायची नाही. हा निर्बंध खासगी शाळांनाही लागू होता. हॅम्प्टन ह्या खेड्यात ल्यूथरन मंडळींची स्वतःची एक लहान शाळा होती. १९२० मध्ये तेथील शिक्षक रॉबर्ट मेयर दहा वर्षांच्या एका मुलाला जर्मन वाचायला शिकवत असताना सरकारी वकील दारात येऊन उभा राहिला. मेयर यांनी पुस्तक मिटले नाही. त्यांना पंचवीस डॉलर दंड झाला. दंडाची रक्कम भरून विषय संपवता आला असता. त्यांनी दाद मागितली, आणि जून १९२३ मध्ये केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. मुलाने आपल्या वाडवडिलांची भाषा शिकावी की नाही, हे ठरवण्याचा अधिकार पालकांचा आहे.

दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहिले म्हणजे तराजूची दोन पारडी समोर येतात. सर्वांच्या पैशाने उभ्या असलेल्या खोलीत एकाने आपली उपासना दुसऱ्यावर लादू नये; आणि आपल्या पैशाने उभ्या केलेल्या खोलीत कोणी आपली भाषा, आपला वारसा मुलांना देत असेल, तर सर्वांनी मिळून त्याचे तोंड बंद करू नये. पहिल्यात संख्येच्या बळाला मर्यादा घातली गेली, दुसऱ्यातही तिलाच. जेथे लोक थोडे आणि आपण त्याहून थोडे, अशा स्थितीत राहण्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना ह्या दोन्ही निकालांचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

निकालानंतर फ्रीमन शाळेचे काय झाले, हे सांगायला हवे. ती मोडली नाही. गावात दुसरी शाळा निघून वस्तीचे दोन तट पडले, असेही झाले नाही. डॅनियल फ्रीमन १९०८ च्या डिसेंबरअखेर निवर्तले. शाळा त्यांच्यानंतर जवळजवळ साठ वर्षे चालली. शेगडी पेटत राहिली, पाढे घुमत राहिले, वादात ज्यांचे आजोबा समोरासमोर उभे होते त्यांची नातवंडे एका बाकावर बसून शिकली असतील. न्यायालयाने खोलीचा मालक ठरवला नव्हता. ती कोणा एकाची नाही, एवढेच सांगितले होते. त्यामुळे तिच्यात पुन्हा एकत्र बसणे सर्वांना शक्य झाले.

शाळा अखेर बंद पडली ती वादामुळे नव्हे, काळामुळे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत एका खोलीच्या जवळपास दोन लाख शाळा होत्या. मग ट्रॅक्टर आला; एक कुटुंब अनेक कुटुंबांची जमीन कसू लागले; शेते मोठी झाली आणि घरे विरळ झाली. रस्ते झाले, मोटारी आल्या, शाळेच्या बसगाड्या आल्या. लहान विभाग एकत्र करून मोठ्या गावात प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय देणे शक्य झाले. ह्यात लाभ निश्चित होता. पण जेथे शाळा मिटली तेथे मतदानाची, सभेची, सणासुदीची जागाही मिटली, आणि नकाशावरून वस्तीचे नावच हळूहळू पुसट झाले. कोणत्याही हिशेबात ही बाजूही मांडावी लागते.

फ्रीमन शाळा मात्र जपली गेली. १९३६ मध्ये डॅनियल फ्रीमन यांच्या जमिनीवर राष्ट्रीय स्मारक स्थापन झाले होते. शाळा बंद झाल्यानंतर ही इमारतही राष्ट्रीय उद्यान सेवेच्या देखरेखीखाली आली. आज तेथे जुनी बाके, फळा, शेगडी जागच्या जागी मांडून ठेवलेली आहेत. एका शेतकऱ्याच्या स्मारकात त्याच्या शेताइतकीच त्याने जिच्याविरुद्ध दावा लावला ती शाळाही सन्मानाने उभी आहे. तिच्या दारातून आत येणाऱ्याला कोणी त्याचा पंथ विचारत नाही, कोणती भाषा बोलतोस हेही विचारत नाही. दार ढकलायचे, आत यायचे आणि मिळेल त्या बाकावर बसायचे.